पारबताबाई बोलली होती

आश्विन लागला की धान दुधावर येतो. लोंबीतला दाणा नखाने दाबला तर पांढरा थेंब बाहेर येतो. सकाळी बांधावरून चाललं तर एक ओला, कच्चा, किंचित गोडसर वास अंगाला चिकटतो आणि घरी येईपर्यंत लुगड्याला राहतो. आमच्या झाडीपट्टीत या दिवसांत माणसं जपून बोलतात. पीक डोळ्यांसमोर उभं असतं, पण अजून घरात आलेलं नसतं. एक शेवटचं पाणी मिळालं की झालं. ते पाणी आभाळातून आलं तर ठीक, नाहीतर तलावातून.

परवा चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरहून मूल या गावाला निघाले होते. मुलाच्या क्वार्टरमध्ये बसून बसून कंटाळा येतो, म्हणून अधूनमधून बहिणीकडे जाते. बस गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, सुरू झाल्या आणि खिडकीतून तो वास आत आला. मी पदर नाकाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं, मला बस लागते. त्यांनी पिशवीतून लवंग काढून दिली. मी ती घेतली, तोंडात धरली आणि मूल गाव येईपर्यंत खाली बघत बसले.

आदल्याच आठवड्यात एका कॉलेजात मला बोलावलं होतं. पत्रकारितेचा वर्ग होता. रेडिओतले सुरुवातीचे दिवस सांगा, म्हणाले. मी सांगितले. स्टुडिओतला लाल दिवा लागला की घसा कसा कोरडा पडायचा, कागद उलटताना आवाज होऊ नये म्हणून पानं कशी सुटी ठेवायची, एकदा शिंक कशी आवरली. मुलं हसली. एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुमचा पहिला कार्यक्रम कोणता?”

“धानाच्या रोवणीच्या गाण्यांचा,” मी म्हटलं.

ते खरं होतं. तिने वहीत लिहून घेतलं. मी पाणी प्याले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. आयुष्यभर त्या प्रश्नाचं मी तेवढंच उत्तर दिलं आहे.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत आणि गडचिरोली ही चांद्याचीच एक तहसील होती. बाबा आरमोरीकडच्या शाळेत गुरुजी होते. दूरच्या मोठ्या शहरातल्या मावशीकडे राहून मी बी.ए. झाले. आमच्या भागातून मुलगी बी.ए. होणं हीच एक बातमी होती. त्यात मला तिथल्याच रेडिओ केंद्रात घेतलं, तेव्हा बाबांनी शाळेत साखर वाटली. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. काम पटलं तर कायम, नाहीतर घरी.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी निघताना मी दारातून म्हटलं, “मी उद्या येतो.”

खोलीतली सगळी माणसं हसली. वाईट हेतूने नाही. पण हसली. आमच्याकडे बायाही ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात. आई तशीच बोलायची, आजी तशीच बोलायची. हसण्यासारखं त्यात काही आहे हे मला त्या दिवशी कळलं. मावशीच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून मी रोज घोकायला लागले. मी येते. मी जाते. मला, तुला, त्याला. नाही. का. कुठे. ‘मले’ आणि ‘काऊन’ जिभेवर आले की स्वतःला चिमटा काढायचा. महिन्याभरात दंडावर निळे डाग पडले होते.

आमचे साहेब सज्जन होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या गोष्टीत त्यांच्यावर ढकलून मोकळं व्हायची सोय नाही. त्यांनी माझा आवाज ऐकून म्हटलं होतं, “आवाज चांगला आहे. फक्त त्यातला गावाचा वास तेवढा काढून टाका.” मी त्या कामाला मन लावून लागले होते.

श्रावणात त्यांनीच मला सांगितलं, रोवणी चालू असेल, तुमच्या भागातल्या बायकांची गाणी आणा. पुरुष गेला तर त्या गात नाहीत. तुम्हाला त्यांची बोली येते.

बोली येते म्हणून मला पाठवत होते. मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

जीपमध्ये ध्वनिमुद्रणाची पेटी होती. लोखंडी, जड, दोन माणसांनी उचलावी अशी. ती सांभाळायला बापूराव नावाचे केंद्रातले गृहस्थ होते. एकट्या मुलीने जायचं नाही म्हणून आरमोरीहून बाबा बरोबर आले. धानोऱ्याच्या रस्त्याने बरंच आत गेल्यावर चिचटोला लागलं. चाळीसेक घरं, वर तलाव, तलावाच्या पाळीखाली उतरत गेलेल्या बांध्या. पाळ म्हणजे मातीचा उंच बांध, त्यावर जुनी मोहाची झाडं. जीप चिखलात पुढे जाईना. बापूरावांनी पेटी जीपमध्येच ठेवली आणि मायक्रोफोनची लांब तार बांधापर्यंत ओढत आणली.

बाया ओळीने वाकून रोवत मागे सरकत होत्या. पाठीवर पाऊस झेलायला पानांचा मोरा, गुडघ्यापर्यंत चिखल. गाणं एकीने उचलायचं आणि बाकीच्यांनी धरायचं. उचलणारी होती पारबताबाई. ढिवराची. नवरा सोमा तलावात मासे धरायचा, ही दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जायची. काळी, उंच, चाळिशीची. तिचा आवाज चिखलातून वर यायचा आणि पाळीवरच्या झाडांपर्यंत जायचा. मी मायक्रोफोन तिच्यासमोर धरला तेव्हा तिने तो न्याहाळून पाहिला.

“याच्यात बोललं त सरकारले आयकू जाते म्हन्तेत. खरं काय?”

“सगळ्यांनाच ऐकू जातं,” मी म्हटलं.

“मंग मले पयले बोलू दे. गानं मंग म्हनतो.”

ओळ थांबली. चिखलात उभ्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे पाहत राहिल्या. बाबा बांधावर छत्री घेऊन उभे होते. बापूरावांनी लांबून हात वर केला, म्हणजे पेटी सुरू झाली. पारबताबाईने हात लुगड्याला पुसले, जणू कोणाच्या घरात शिरते आहे, आणि बोलायला लागली.

“आमच्या तलावाची पाळ खचून राह्यली, साहेब. गावाचा मालगुजार होता तवा दर उन्हाळ्यात माती टाकून घे. वेठीनं घे, पर घे. आता तलाव सरकारचा झाला. पटवारी म्हन्ते हात नोका लावू, मोजनी व्हायची हाय. चार उन्हाळे झाले. मी रोज पाळीखालून जातो. पाळीच्या पोटातून पानी येऊन राह्यलं. आंधी नितळ ये. नितळ पान्याचं भेव नाई. औंदा गढूळ येते. गढूळ येते म्हन्जे आतली माती चालली. हे आमाले कळते, आमचा जलमच पान्यात गेला. धान निसवाच्या आंधी कोनी येऊन पायलं पायजे. नाई त खालचं काईच नाई रायत.”

चार मिनिटं ती बोलली. एक शब्द जास्तीचा नव्हता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, “पोचते ना, बाई?”

आणि मी, भिंतीकडे तोंड करून इतके महिने घोकलेली मी, तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “पोचते वो बाई. मी सांगतो ना त्याइले. तू काऊन भेतं?”

पेटी चालूच होती.

मग तिने गाणं म्हटलं. जीपपर्यंत परत येताना बाबा म्हणाले, “शालू, आज तुह्या नोकरीचं सोनं झालं.”

कार्यक्रमाला पाच मिनिटं दिली होती. त्या काळी फीत ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडावी लागे. मी खोलीत एकटी बसून फीत ऐकली. गाणं सुंदर आलं होतं. त्याच्या आधी पारबताबाईचं बोलणं, आणि बोलण्याच्या शेवटी माझा आवाज. “मी सांगतो ना त्याइले.” मी तो पुन्हा लावला. तो माझ्या आईचा आवाज होता. तो साहेबांनी ऐकला तर इतक्या महिन्यांचं घोकणं गेलं, असं मला वाटलं. बोलणं ठेवून शेवटचं माझं वाक्य तेवढं कापता आलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिचं बोलणं ठेवलं की साहेब म्हणणार, पूर्ण ऐकू द्या, काय प्रश्न विचारलेत बघू. हातात ब्लेड धरून मी हा हिशेब करत होते तेवढ्यात साहेबच आत आले.

“काय काय मिळालं?”

“गाणी आहेत, सर. एक बाई थोडं बोलली आहे.”

“काय बोलली?”

“नेहमीचंच, सर. तलाव, पाणी, दुरुस्ती.”

“महत्त्वाचं असेल तर ठेवा,” ते म्हणाले. “गाणं थोडं कमी करता येईल.”

माझ्यासमोर दार उघडून ते उभे होते. असं दार मला पुढच्या तीस वर्षांत फार थोड्या वेळा कोणी उघडून दिलं.

“तसं काही नाही, सर,” मी म्हटलं. “आणि भाषा फार अशुद्ध आहे. लोकांना कळणार नाही.”

साहेबांनी मान हलवली आणि गेले. मी चार मिनिटं कापली. फितीची तपकिरी वेटोळी टेबलाखाली पडली. पारबताबाईची खचणारी पाळ, तिचं गढूळ पाणी, माझं वचन. गाण्याच्या आधी वाचायला मी दोन वाक्यं लिहिली. त्यांतलं एक मला अजून पाठ आहे. ‘भरल्या तलावाकाठी आनंदाने गाणाऱ्या या भगिनींच्या स्वरांतून झाडीपट्टीची समृद्धी ओसंडते.’ ते मी फार स्वच्छ वाचलं.

आठ-दहा दिवसांनी बाबांचं पोस्टकार्ड आलं. ‘चि. शालूस आशीर्वाद. कार्यक्रम ऐकला. आमच्या शाळेच्या रेडिओवर ऐकायला चिचटोल्याहून सोमा आणि आणखी सात-आठ जण चालत आले होते. गाणे उत्तम आले. पारबताबाईचे बोलणे पुढल्या भागात येणार आहे काय? ही मंडळी विचारीत होती. मी हो म्हणून सांगितले आहे. कळव.’

पुढचा भाग नव्हताच. मी उत्तर लिहिलं, ‘बघते. सध्या कामाची फार गडबड आहे.’ गडबड अशी काही नव्हती. त्या आठवड्यात मी स्वतःसाठी दोन साड्या घेतल्या आणि मावशीबरोबर नाटकाला गेले.

आता या वयात माझ्याकडे वेळच वेळ आहे, आणि मी पुष्कळदा विचार करते की मला नेमकी कशाची भीती होती. साहेब रागावले असते? नसते. नोकरी गेली असती? बहुतेक नसती. चार माणसं पुन्हा एकदा हसली असती, एवढंच. त्या हसण्याच्या भीतीने मी एका बाईचं तोंड बंद केलं. लोक मला विचारतात, तुमचे उच्चार इतके निर्मळ कसे? मी म्हणते, सराव. सराव मी केला होता यात खोटं काही नाही.

दसरा झाला आणि पाऊस पुन्हा आला. परतीचा, आडदांड. दोन दिवस थांबला नाही. तोवर साहेबांनी मला संध्याकाळच्या बातम्यांवर बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी हातात आलेल्या कागदांत एक छोटी बातमी होती. धानोरा रस्त्यालगतच्या काही गावांत अतिवृष्टी, चिचटोला येथील तलाव फुटून पिकाचे नुकसान, जीवितहानीचे वृत्त नाही. गावाचं नाव वाचलं तेव्हा लाल दिवा लागायला मिनिटभर उरलं होतं. दिवा लागला आणि मी वाचलं. ‘चिचटोला’तला ‘च’ सुद्धा कुठे अडकला नाही.

बाहेर आले तर साहेब म्हणाले, “आज एकही उच्चार चुकला नाही. असंच हवं.”

पुढच्या आठवड्यात नोकरी कायम झाल्याचा कागद मिळाला. मावशीने पेढे आणले. मी पेढा खाल्ला. त्याच दिवशी दुपारच्या टपालाने बाबांचं कार्ड आलं, ओल लागून शाई फुटलेलं.

‘चिचटोल्याचा सोमा तिसऱ्या दिवशी सापडला. खालच्या बांधीत, वाळूखाली. पाळीला भोक पडले तेव्हा धानाच्या तणसाचे भारे घेऊन तो बुजवायला उतरला होता. तुझ्या बातमीत जीवितहानी नाही असे आले. ते दुरुस्त करता येईल तर पाहा.’

मी ते कार्ड उशीखाली ठेवलं. केंद्रात कोणाला काही विचारलं नाही. आठवड्यापूर्वीची बातमी कोण दुरुस्त करतं, असं स्वतःला सांगितलं. बातमीच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण मी असं शिकले.

दिवाळीला घरी गेले. भाऊबीज झाल्यावर सकाळी बाबांनी सायकल काढली आणि म्हणाले, “चाल, चिचटोल्याले जाऊन येऊ.” तेवढंच. काही अंतर सायकलवर, मग मिळाली तिथपर्यंत बैलगाडी, पुढे चालत.

कापणीचे दिवस होते ते. वाटेतल्या गावांत विळ्यांचा करकर आवाज, भारे वाहणाऱ्या बाया, खळ्यावर शेण सारवलेलं. चिचटोल्यात काहीच आवाज नव्हता. पाळीला मधोमध एक घर मावेल एवढं खिंडार होतं. एक मोहाचं झाड मुळं वर करून त्यात पडलं होतं. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि उरलेल्या डबक्यात चार बगळे उभे होते. पाळीखालच्या बांध्यांवर वाळू पसरली होती, पांढरी, स्वच्छ, नदीकाठासारखी. मधूनच वाळूतून धानाची काळी पडलेली काडी वर आलेली. शेवटच्या पाण्याने धान वाचतो, तसा शेवटच्या पाण्यानेच तो गेला होता. कितीतरी घरांना कुलूप होतं. चांद्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेले, असं कोणीतरी सांगितलं.

पारबताबाई दारात बसून जाळं उसवत होती. तलावच नव्हता तर जाळ्याचा सुतळीसाठी उपयोग, एवढा साधा विचार असावा. कपाळ मोकळं होतं. आम्हाला पाहून उठली, बाबांना राम राम केला, आत जाऊन पाण्याचा लोटा आणला.

बाबा म्हणाले, “लय वाईट झालं, बाई.”

“झालं खरं, गुर्जी.” ती खाली बसली. जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाली, “आमी भादव्यातच माती टाकनार होतो. गावानं ठरवलं होतं, पटवाऱ्याले न इचारता. मंग सोमाच म्हने, थांबा, आता रेडिओत सांगितलं, सायब येतीन, त्याइच्या देखत करू. नाई त आपल्यावरच केस कराचे. तुमच्या शाळंत आयकून आला, म्हने, गानं आलं, बोलनं पुढं येनार हाय. त थांबलो.”

मी लोट्यातल्या पाण्याकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघत असावेत. मी मान वर केली नाही.

मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. राठ, गार हात. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. असता तर मी कदाचित खरं बोलले असते.

“बाई, एक इचारू काय? माहं बोलनं आलंच नाई मंग. ती मशीन बिघडली होती काय वो?”

बाबा तिथेच उभे होते. श्रावणात बांधावर छत्री घेऊन त्यांनी सगळं बोलणं ऐकलं होतं. गाणं त्याच पेटीवर आलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. तिने मला एक वाट काढून दिली होती, आणि मी त्या वाटेने गेले.

“हो,” मी म्हटलं. “तेवढ्यात बिघडली होती.”

बाबा वळून पाळीच्या खिंडाराकडे चालू लागले. त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले, माझ्या लग्नात राबले, माझ्या मुलाला पाढे शिकवले. पण माझी बातमी लागली की उठून अंगणात जायचे. आई हाक मारायची, पोरीचा आवाज लागला. ते म्हणायचे, ढोरं बांधतो. त्या वेळी आमच्याकडे एकही ढोर नव्हतं.

पारबताबाईने माझा हात सोडला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते सोमासाठी आहे असं तिला वाटलं, की आणखी काही वाटलं, मला आजही ठाऊक नाही.

“नोको रडू,” ती म्हणाली. “मशीनच हाय ते. त्याले काय करतं? त्याच्यापायी तुह्या नोकरीवर त काई आलं नाई ना?”

“नाही,” मी म्हटलं. “पक्की झाली.”

“बरं झालं,” पारबताबाई म्हणाली. आणि ते ती मनापासून म्हणाली.